मे महिन्यातले काका

आधी सरांचे उपकार लिहितो, हकीकत मागाहून. मला माझा भरवसा नाही. सांगता सांगता मी भलतीकडे जातो, कागद संपतो आणि ज्याच्यासाठी बसलो तेच राहून जातं. तेव्हा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. मला या समुद्राकाठी ज्यांनी टिकवलं, मे महिन्यात आपल्या ताटाशेजारी ताट मांडून जेवू घातलं आणि चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या हातात लेखणी दिली, ते आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर. नाव लिहीत नाही, त्यांना खपणार नाही. "नाव बरणीवर लिहितात," असं ते म्हणायचे. आणि बरणीत काय असतं ते आमच्या प्रयोगशाळेत येऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी मूळचा बालाघाटच्या डोंगरातला. पाणी म्हणजे आडाच्या तळाशी चमकतं ते, एवढीच माझी समजूत. चुलतभाऊ पोलिसात होता, त्याची बदली इकडे झाली म्हणून त्याच्या मागे आलो. पुढे त्याची बदली आणखी कुठे झाली आणि मी इथेच राहिलो. कॉलेज नवं होतं. प्रयोगशाळेला हमाल पाहिजे असं कळलं म्हणून जाऊन उभा राहिलो. सरांनी एकच प्रश्न विचारला.

"पोहता येतं?"

"न्हाई जी."

"छान. म्हणजे लांब जाणार नाहीस."

झाली नेमणूक. त्या दिवसापासून सर मला 'बालाघाट' म्हणायला लागले. "बालाघाट, बादली आण. बालाघाट, त्या खेकड्याला सावलीत ठेव." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. गावाकडे आईने आळीभर सांगून टाकलं होतं की पोरगं कॉलेजात हाय. खोटं नव्हतं ते, पण लोक शेताच्या बांधावर येऊन तिला विचारायचे, पोरगं वकील कधी होणार. मला झोप लागायची नाही त्या काळजीने. हमालाची हंगामी जागा, ती गेली तर गावात कोणत्या तोंडाने जायचं?

आमची प्रयोगशाळा म्हणजे मिठाचं जुनं गोदाम. मीठ उचलून नेलं होतं, पण भिंतींतलं मीठ राहिलं होतं. पावसाळ्यात भिंतींना घाम सुटे. सूक्ष्मदर्शक एकच, त्याच्या काचेवर सदा धुकं. मुलं आत डोळा लावून म्हणत, "सर, काहीच दिसत नाही." सर म्हणत, "बरोबर. आता बाहेर चला." आणि वर्ग किनाऱ्यावर जाई.

किनाऱ्यापासून थोडं समुद्रात एक सपाट खडक आहे. पाटासारखा दिसतो म्हणून त्याला पाटखडक म्हणतात. पाणी उतरलं की चालत जाता येतं. भरती आली की वाट बुडते, माथा तेवढा कोरडा राहतो. खडकाच्या कडांना कालवांच्या धारदार शिंपा आहेत, त्यामुळे कोळी तिथे होडी लावत नाहीत, तळ फाटतो म्हणून. सरांचं कॉलेज खरं म्हणजे तो खडक. त्यामुळे कॉलेजच्या वेळापत्रकात बाकीच्या विषयांपुढे तास होते, आणि प्राणिशास्त्रापुढे सरांनी स्वतः खडूने लिहिलं होतं : पाणी उतरल्यावर. कोळीवाड्यातल्या पोरांना एवढं पुरे. तिथे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं की पुनवेला भर दुपारी भरती, मग रोज तिथीगणिक थोडी थोडी उशिरा. आतल्या भातखाचरांच्या गावांतून आलेली मुलं मात्र माझ्याकडे येत, आणि मी पंचांग घेऊन बसे. आमच्याकडे तिथी उपासापुरती. इथे तिच्यावर हजेरी लागे.

सरांचा दुसरा नेम म्हणजे कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. "माझं तोंड एक, तुमचे कान पुष्कळ," असं म्हणायचे. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, सर पुन्हा सांगता का? सरांनी मुकाट्याने छत्री उचलली आणि चालू लागले. प्रिन्सिपॉलसाहेबांनाही तोच नियम. साहेब देशावरचे, गोरे, बुटांना पॉलिश केल्याशिवाय उंबरा न ओलांडणारे. सरांच्या कोटाच्या खिशातून एकदा त्यांच्या टेबलावर जिवंत खेकडा उतरला, तेव्हापासून ते सरांशी बोलताना खुर्ची जरा मागे ओढून घेत.

पण सर गावभर माहीत झाले ते मे महिन्यामुळे.

आमच्या संस्थेची एक रीत होती. हंगामी माणसांना एप्रिलच्या शेवटी कमी करायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं, म्हणजे सुट्टीचा पगार द्यायला नको. पुष्कळ ठिकाणी चालत असे, आणि माणसं ते मान खाली घालून सोसत. सरांची जागाही हंगामीच, पण त्यांनी मान खाली घातली नाही. ते म्हणाले, माणूस कामावरून जातोय, तर त्याला रीतसर निरोप द्या. पहिल्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेब ओशाळले आणि चार शब्द बोलून त्यांनी हातात नारळ दिला. दुसऱ्या वर्षी सर स्वतःच आठवण करायला गेले. मग ती वहिवाटच पडली. दर एप्रिलला समारंभ व्हायचा. मी हार आणायचा, साहेबांनी सरांच्या सेवेचा गौरव करायचा, सरांनी उत्तरादाखल दर साली तेच भाषण करायचं : "या संस्थेत घालवलेले दिवस मी विसरणार नाही. माझ्यामागे येणाऱ्या प्राध्यापकाला आपण असंच सांभाळून घ्या." मग किल्ल्या टेबलावर ठेवून, सगळ्यांना हात जोडून निघून जायचे. मागच्या बाकांवरची पोरं रुमाल तोंडात कोंबून बसत.

आणि जूनमध्ये सकाळी फाटकाशी उभे. मला विचारायचे, "काय हो, इथे प्राणिशास्त्राची जागा भरायची आहे असं ऐकलं." मी आत घेऊन जायचा. साहेबांना त्यांची मुलाखत घ्यावी लागे. पूर्वानुभव कुठला म्हटलं की सर सांगत, "याच गावात होतो. तिथून काढलं."

मधल्या दिवसांत त्यांना 'सर' म्हटलेलं चालायचं नाही. रस्त्यात कोणी "नमस्कार सर" म्हटलं की ते मागे वळून बघत, कोण येतंय ते. "मे महिन्यात मी सर नाही, काका आहे," असं त्यांनी सगळ्यांना, अर्थात एकदाच, सांगून ठेवलं होतं. बाजारात कोळीण हाक मारायची, "मास्तर, बोंबील घ्या, ताजं हाय."

"मास्तर गेले. मी काका."

"मग काका, तुमी घ्या. त्यो मास्तर लय घासाघीस करतो."

हमालालाही एप्रिलमध्येच नारळ मिळे, फक्त माझ्या बाबतीत तो बोलण्यातला. पहिल्या मे महिन्यात मी बोचकं बांधून बसलो होतो. गावी जावं तर आईने कॉलेजात असल्याचं सांगितलेलं, न जावं तर खायचं काय? संध्याकाळी सर आले, म्हणजे काका आले, आणि म्हणाले, "बालाघाट, तूही बेकार, मीही बेकार. दोघांचा भात एका पातेल्यात शिजतो." नागावला नारळीच्या वाडीत त्यांची एक खोली होती. एकटेच राहत. त्या मे महिन्यापासून प्रत्येक मे मी तिथे जेवलो. जेवायच्याही अटी होत्या. ताटातल्या माशाची आधी ओळख करून घ्यायची, तो कुठे राहतो, काय खातो, पाठीवर किती काटे, मगच घास. मी पिठलं-भाकरीचा माणूस, मला काट्यांची भीती, त्यामुळे मी ओळख लांबवत न्यायचा. सर म्हणायचे, मुलांपेक्षा तू जास्त चिकित्सक आहेस. मला वाटायचं, यांना कळलेलं नाही. त्यांना सगळं कळलेलं असायचं.

रोज सकाळी आम्ही दोघे गोदामात जात असू आणि बरण्यांतलं पाणी बदलत असू. मी एकदा म्हणालो, काका, आपली नोकरी तर नाही. ते म्हणाले, "आपली नाही. यांची आहे ना." बरण्यांकडे बोट दाखवून.

असं चाललं असतं किती वर्षं कोण जाणे. पण मग विद्यापीठाचं बोलावणं आलं, म्हणजे विद्यापीठच यायला निघालं. शिकवणाऱ्याला विद्यापीठाची मान्यता पाहिजे. सरांना ती नव्हती. संस्थेने कधी अर्जच पुढे पाठवला नव्हता, कारण मान्यता मिळालेला माणूस एप्रिलमध्ये कमी करता येत नाही. आता विद्यापीठाने कळवलं की समिती येईल, वर्ग बघेल. मान्यता मिळाली तर ठीक, नाही तर जूनपासून प्राणिशास्त्र बंद. प्राणिशास्त्र बंद म्हणजे सर बंद, गोदाम बंद आणि मी बंद. सरांचे केस पांढरे झाले होते, त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? मला भात गोड लागेना. सर मात्र पंचांग चाळत होते.

प्रिन्सिपॉलसाहेबांना वेगळीच धास्ती. समितीने गोदाम पाहिलं तर? घाम फुटलेल्या भिंती, तो एकुलता एक सूक्ष्मदर्शक? त्यांनी शक्कल काढली. पाहुण्यांना परस्पर पाटखडकावर न्यायचं, निसर्गाची प्रयोगशाळा दाखवायची, आणि तिथून सरळ जेवायला. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की पाहुणे सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरतील, इथे पोहोचायला वेळ लागेल, तेव्हा वर्ग बरोबर अकराला.

सर म्हणाले, "त्या दिवशी चतुर्थी आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले. "अध्यक्षांना संकष्टी असते असं ऐकलंय. साबुदाण्याची खिचडी सांगतो."

सरांनी छत्री उचलली आणि ते बाहेर आले. मी दारातच होतो. मी म्हटलं, सर, चतुर्थीला अकरा म्हणजे पाणी चढायच्या बेताला. साहेबांना कळलं नाही बहुतेक. सर म्हणाले, "मी सांगितलं," आणि चालू लागले.

समितीत दोघे होते. अध्यक्ष अंगाने भरलेले, आवाजाने मऊ. दुसरे सभासद सडपातळ, सतत घड्याळ बघणारे. अकराला आम्ही निघालो. पुढे सर, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, मागे पाहुणे, प्रिन्सिपॉलसाहेब हातात बूट धरून, मग पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात खिचडीचा डबा. वाटेवर घोट्याएवढं पाणी होतं. सडपातळ सभासदांनी विचारलं, परत येताना हे कमी होईल ना? साहेब म्हणाले, होईल की. कोळीवाड्यातली पोरं एकमेकांकडे बघून गप्प राहिली.

सरांनी हजेरी घेतली. पाहुण्यांना सांगितलं की माझ्या वर्गात बसण्याआधी दगडाखाली कोण राहतं ते बघायचं. अध्यक्ष अवघडले, पण वाकून बघितलं त्यांनी. तास चालू झाला. सर खळग्यांमधून फिरत होते, छत्रीच्या टोकाने दाखवत होते, आणि त्यांचा आवाज असा की लाटेलाही थांबून ऐकावंसं वाटावं. तास संपला. सडपातळ सभासदांनी घड्याळ बघितलं, मग मागे बघितलं, आणि ते बघतच राहिले. वाट नव्हती. किनारा होता, पण पलीकडे.

किनाऱ्यावरून एका कोळ्याने तोंडाशी हात धरून विचारलं, "मास्तर, पावन्यांना मुक्कामाला ठेवलाय काय?"

साहेबांनी होडी आण म्हणून खुणा केल्या. त्याने दोन्ही हात हलवून सांगितलं, "न्हाय लागायची, सायेब. कालवं हायत. पानी उतरलं की या." आणि तो जाळं विणायला बसला.

साहेब पांढरेफटक पडले. सरांना म्हणाले, अहो, तुम्ही सांगितलं का नाही?

"सांगितलं की. चतुर्थी आहे म्हणालो. तुम्ही खिचडी सांगितलीत."

अध्यक्षांच्या हातात तेव्हा तोच डबा होता. सकाळपासून पोटात चतुर्थी वागवणारा माणूस तो, पण तीच चतुर्थी समुद्रातही असते हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी डब्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता हे मुंबईला जाऊन काय लिहितील ते दिसतंच आहे.  

सर म्हणाले, "आता कोणाला घाई नाही. दुसरा तास घेऊ या."

आणि घेतला. दुसरा, तिसरा, पुढचे मी मोजले नाहीत. सुरुवातीला समिती रुसून बसली होती. मग अध्यक्ष हळूच पुढे सरकले. मग त्यांनी कोट काढला. थोड्या वेळाने बघतो तर ते खळग्याशी पालथे पडून पाण्यात बघत होते आणि म्हणत होते, हा कोण, आणि तो पलीकडचा कोण? बरीच वर्षं त्या माणसाने समित्यांखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नव्हता, असं सर नंतर म्हणाले. सडपातळ सभासदांनी पोरांच्या डब्यातली भाकरी आणि सुकट खाल्ली आणि घड्याळ खिशात टाकलं.

दुपार कलती झाली असेल. एका खळग्यात दुसऱ्याच्या शंखात राहणारा खेकडा होता. त्याला शंख लहान झाला होता आणि तो घर बदलत होता. सगळे भोवती जमले. तो जुन्या शंखातून निघाला, मागचं अंग मऊ, उघडं, गुलाबी. नवा शंख हातभर लांब पडला होता.

सर हलक्या आवाजात म्हणाले, "याला स्वतःचं घर नसतं. एप्रिलमध्ये जुनं सोडायचं, जूनमध्ये नवं मिळायचं. मधल्या दिवसांत असं उघड्यावर."

अध्यक्ष म्हणाले, "मधल्या दिवसांत त्याचं काय होतं?"

"मधल्या दिवसांत त्याला खेकडा म्हणत नाहीत. काका म्हणतात."

पोरं खो खो हसली. अध्यक्षांना काही कळेना. "काका?" त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे बघितलं. साहेब क्षितिजाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जन्मात कुणा साहेबासमोर तोंड उघडलं नव्हतं, पण पळायला जागा नव्हती, चहूकडे पाणी. मी बोलून गेलो. मे महिन्यात सर नसतात, साहेब. एप्रिलमध्ये त्यांना काढतात. जूनमध्ये घेतात. मलाही. सगळं सांगितलं, हार, नारळ, भाषण, फाटक, मुलाखत. सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, मेलो आता.

साहेब घसा खाकरून म्हणाले, संस्था नवी आहे, अडचणी असतात. अध्यक्ष ओल्या शर्टाने उठून बसले.

"मे महिन्यात तुमच्याकडे प्राणिशास्त्र असतं की नसतं?"

"असतं."

"मग ते सांभाळतं कोण?"

सरांनी छत्रीचं टोक माझ्याकडे केलं. "हा सांभाळतो. बिनपगारी."

अध्यक्षांनी मला विचारलं, "शिक्षण किती?"

मी बादलीत बघू लागलो. सरच म्हणाले, "चालू आहे."

अध्यक्ष पुन्हा खळग्यात बघू लागले. खेकडा नव्या शंखात शिरला. मग ते म्हणाले, "ज्या विषयाचा शिकवणारा उन्हाळ्यात काका होतो, त्या विषयाला विद्यापीठ मान्यता देत नसतं."

झालं, मी मनात म्हटलं. संध्याकाळी वाट उघडी पडली, सगळे किनाऱ्याला लागले, पाहुणे गेले. त्यानंतर आमच्याकडे काही कळवणं नाही, काही नाही. सरांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून मला पाटी आणून दिली. "मी समितीला शब्द दिलाय, शिक्षण चालू आहे. मला खोटं पाडू नकोस." मी सातवीच्या परीक्षेचा अभ्यास करू लागलो, प्रयोगशाळा राहणार की जाणार हे माहीत नसताना. आमच्याकडे त्याला काय म्हणतील ते लिहीत नाही.

एप्रिल संपत आला. नेहमीप्रमाणे हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मी हार आणला, नेहमीपेक्षा मोठा, कारण या वेळी जून येणार नव्हता. सर कोट घालून, भाषण पाठ करून बसले होते. प्रिन्सिपॉलसाहेब उठले. त्यांनी टेबलावरचा नारळ उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "यंदा निरोप नाही." विद्यापीठाने सरांना मान्यता दिली होती. अट एकच, शिकवणारा आणि प्रयोगशाळेचा माणूस दोघेही बारा महिने कामावर पाहिजेत.

टाळ्या वाजल्या. मी हार हातात घेऊन रडत होतो. सर उठले आणि म्हणाले, "पण भाषण तयार आहे." आणि त्यांनी ते केलं. सगळं. पुढच्या प्राध्यापकाला सांभाळून घ्या, इथपर्यंत.

मे महिना लागला. नागावच्या खोलीत मी चूल पेटवली आणि विचारलं, काका, चहा ठेवू का?

ते पंचांगातून वर बघून म्हणाले, "सर म्हण."

"मे महिना आहे."

"म्हणूनच म्हण."

मी म्हटलं, सर. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आता ठेव चहा." गोष्ट एकदाच सांगणाऱ्या माणसाने त्या सकाळी ती हाक मला पुन्हा पुन्हा मारायला लावली.

सातवी मी दुसऱ्या खेपेला पास झालो. आईने गावात पेढे वाटले, पोरगं कॉलेजातनं पास झालं म्हणून. मी दुरुस्ती केली नाही.

आणि मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. तेही सत्राच्या अधेमधे, त्यांचा वाढदिवस आला तेव्हा. मी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेलो आणि निरोप-समारंभाचं विचारलं. ते आता म्हातारे झालेत, बुटांना पॉलिश तेवढं तसंच आहे. ते म्हणाले, अरे, त्यांचे इतके निरोप झालेत, आणखी काय करायचा? खरा निरोप होता तेव्हा हॉल रिकामा. मी एकटाच एस. टी. स्टँडवर गेलो. सर पालीला बहिणीकडे निघाले होते. समुद्र नाही तिथे, पण पंचांग त्यांनी काखेत धरलं होतं. मी वाकलो तर म्हणाले, "बालाघाट, तू निरोप देऊ नकोस. मला जूनमध्ये परत यायची सवय आहे."

जून आला आणि गेला. मी फाटकाशी उभा होतो.

सर, ही फेड माझ्याकडून राहिली आहे आणि मी ती करणार आहे. गणपतीच्या दर्शनाला पालीला येईन तेव्हा तुम्हाला घेऊन येईन, एखाद्या चतुर्थीला. पाटखडकावर तुमचा निरोप-समारंभ होईल. संस्थेच्या सगळ्या सभासदांना बोलावीन, प्रिन्सिपॉलसाहेबांना हाताला धरून नेईन, नारळ देईन, हार घालीन, आणि तुम्ही भाषण करा, पाहिजे तेवढं लांब. सगळ्यांना वेळ अकराची देणार आहे. चतुर्थी आहे, हे एकदाच सांगेन.